उलट्या खाचेचा चाकू

मी बोलतोय, पण तुम्ही आधी जरा मागे सरका. इतक्या जवळून वाकून बघणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. आणि हो, ते भिंग खिशात ठेवा. भिंगानं माझं फार नुकसान केलंय.

मी घडीचा चाकू आहे. खिशात मावणारा, लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा. मुठीच्या शेपटाला पितळेची एक चपटी पट्टी आहे, ती कशासाठी ते सांगतो पुढे. सगळं एकदम ओकून टाकायची मला सवय नाही. जन्मभर मिटून राहिलेला माणूस हळूहळूच उघडतो, आणि मी तर चाकू.

ज्यानं मला घडवलं तो कारागीरही संशयीच होता. एका अरुंद गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान होतं, पुढे फळीवर चाकू-कात्र्या आणि मागे भट्टी. गिऱ्हाईक आलं की हा आधी त्याच्या चपला बघायचा, मग चेहरा, आणि मग कुठे "बोला" म्हणायचा. एक दिवस एक बाई आली. गुलाबाच्या रोपवाटिकेत ती डोळे भरायचं काम करायची. म्हणजे रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, ती अलगद उचलायची, चांगल्या गुलाबाचा एक कोवळा डोळा त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. चीर नीट गेली तर डोळा धरतो, नाहीतर वाळतो. तिचे निम्मे डोळे वाळत होते आणि मुकादम रोज तिच्या नावानं शंख करत होता.

"चाकू बोथट झालाय का?" कारागिरानं विचारलं.

"चाकू झकास आहे हो. पण तो उजव्या हाताचा आहे. मी डावखुरी."

आता हे तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कलमाच्या चाकूचं पातं एका अंगानं सपाट असतं आणि धारेचा उतार फक्त दुसऱ्या अंगाला असतो. उजव्या हाताच्या माणसाचं पातं सालीखालून सरळ जातं, तेच डाव्या हातात धरलं की आत लाकडात घुसतं. शिवाय पातं उघडायला नखाची जी बारीक खाच असते, तीही उजव्या अंगठ्याला सापडेल अशीच पाडलेली असते. डाव्याला ती सापडतच नाही.

"म्हणजे सगळंच उलटं करू?" कारागीर म्हणाला. "आणि उद्या तुम्ही नको म्हणालात तर तो कुणाच्या गळ्यात मारू?"

बाई पुढे सरकली. तिनं दोन्ही पंजे ऐरणीवर ठेवले. डाव्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता. उजवा मात्र चिरांनी भरलेला होता, कारण ज्या हातानं चाकू धरतो तो हात कधी कापत नाही, कापतो दुसरा. कारागिरानं ते पंजे उलटेपालटे करून बघितले आणि तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला.

असा मी झालो. खाच दुसऱ्या अंगाला आणि धारेचा उतारही दुसऱ्या अंगाला. मूठ तिच्या पंजाला बेतलेली, आणि साल उचलायला शेपटाला पितळेची पट्टी. कारागिरानं मला कानाशी धरून उघडलं, मिटलं. मिटताना माझ्या कमानीचा, म्हणजे पात्याला धरून ठेवणाऱ्या पाठीतल्या स्प्रिंगचा, "टक्" असा आवाज आला आणि त्या गृहस्थाच्या तोंडावर हसू फुटलं. त्याच्या तोंडावरचं मी पाहिलेलं ते पहिलं आणि शेवटचं हसू.

रोपवाटिकेत माझं स्वागत काही बरं झालं नाही. "उलटा चाकू आणलाय बाईंनी," म्हणून बाकीच्या बाया एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मुकादमाला तर वाटलं की हिला काम टाळायचंय आणि हे नवं निमित्त आहे. पण तिनं भरलेले डोळे धरायला लागले. खुंटावर लालसर कोंब दिसायला लागले आणि मुकादमाचं तोंड बंद झालं. ती मला सुतळीनं कमरेला बांधायची. जेवायच्या सुट्टीत कुणी "जरा चाकू द्या" म्हणालं की साफ नाही म्हणायची. मला त्या बाईचा तो संशयी स्वभाव फार आवडायचा. खरं सांगायचं तर मला ती बाईच फार आवडायची.

पुढे वयानं तिचे हात थरथरायला लागले. तिनं मला भाचीच्या हवाली केलं. भाची उजव्या हाताची. तिला मी उघडेना. खाच शोधता शोधता तिचं नख तुटलं आणि तिनं मला पहिल्याच दिवशी शिवी दिली. मग माझ्या पितळी पट्टीनं रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटली गेली. ज्या पट्टीनं गुलाबाची कोवळी साल उचलली तिच्या नशिबी हे! नंतर मी एका खणात गेलो. तिथं कुलपं हरवलेल्या किल्ल्या होत्या, संपलेले सेल होते आणि तुटक्या चष्म्याची एक काडी होती. तिथं मी किती वर्षं होतो कुणास ठाऊक. घर रिकामं झालं तेव्हा भंगारवाल्यानं तो खण तसाच पोत्यात उपडा केला.

तिथून मी जुन्या बाजारात आलो. फूटपाथवर चादर अंथरलेली, चादरीवर नळाच्या तोट्या, कॅमेऱ्याची रिकामी कातडी पेटी आणि मी. तिथं मी पहिल्यांदा ही संग्राहक नावाची जात बघितली.

या लोकांवर नजर ठेवावी लागते. त्यांना हवी असते एक वस्तू आणि उचलतात दुसरीच. तोटीला हात लावतील, पेटी उघडून वास घेतील, "पाऊस येईल असं दिसतंय" म्हणतील, आणि मग जाता जाता, जणू आत्ताच दिसलं असं दाखवून, "हेही टाका त्यात" म्हणत मला उचलतील. दुकानदारही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. त्याला सगळं कळत असतं, तोही तोटीचेच गुण गात राहतो. दोघंही एकमेकांना ताकास तूर लागू देत नाहीत आणि दोघंही खूश होऊन घरी जातात.

मला उचलणारा घड्याळजी होता. मनगटी घड्याळं दुरुस्त करणारा, म्हातारा, डोळ्यावर चढवायचं भिंग कायम गळ्यात लटकलेलं. घरी नेऊन त्यानं माझ्या खोबणीतली घाण काडीनं काढली आणि एक थेंब तेल दिलं. मग मला उघडायला गेला आणि त्याचं नख घसरलं. पुन्हा घसरलं. त्यानं भिंग लावून मला बघितलं, मग भिंगातून स्वतःची बोटं बघितली. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.

आठवड्याभरानं त्यानं मला आपल्या जुन्या दोस्ताला दिलं. अदलाबदल. मी तिकडे, आणि त्याच्या बदल्यात शिंगाच्या मुठीचा एक देखणा चाकू इकडे. देताना तो म्हणाला, "यात काहीतरी वेगळं आहे रे. मला कळत नाही. तुला कळलं तर सांग."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्यानं घोटाळा केला.

हा दोस्त म्हणजे तपासनीस. नोकरीभर त्यानं बाजारातली वजनं तपासली होती. कुठल्या वजनाच्या बुडाशी शिसं खरवडलंय, कुठल्या तराजूच्या दांडीला मेण लावलंय, हे हुडकण्यात हयात गेली. निवृत्त झाला तरी नजर काही निवृत्त झाली नाही. दूध आलं तरी हा आधी पातेलं वाकडं करून बघायचा. त्यात एकदा दोन मोडके चाकू जोडून केलेला एक चाकू कुणीतरी त्याला अस्सल म्हणून दिला होता. तेव्हापासून यानं कानाला खडा लावला होता.

त्याच्या घरी हिरव्या बनातीचा एक कप्प्याकप्प्यांचा खण होता आणि त्या खणाचा एक कडक नियम होता. चाकूंना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बोटांच्या घामानं पोलादावर डाग पडतात म्हणे. त्याच्या बायकोनं तर इतक्या वर्षांच्या संसारात त्या खणातली एकही वस्तू हातात घेतली नव्हती. धूळ पुसायची तीसुद्धा खणाच्या बाहेरून.

मला तिचाही संशय होताच. माझ्यावरून जाताना ती नाक मुरडायची. "आणखी एक आला का? याला तरी खायला-प्यायला लागत नाही ना?" असं विचारायची. मनात म्हटलं, हा गृहस्थ डोळे मिटायचा अवकाश, ही बाई आपल्याला पुन्हा पोत्यात घालणार.

खणात माझ्या शेजारी आणखी एक कलमाचा चाकू होता. नक्षीदार, अगदी खानदानी, पण त्याची कमान मोडलेली. त्यामुळे पातं नुसतं लोंबकळायचं. तो माझ्याकडे एकसारखा बघायचा. माझ्याकडे म्हणजे माझ्या कमानीकडे. मी माझं पातं आणखी घट्ट मिटून घेतलं.

एका सकाळी तपासनीसानं मला खिडकीशी नेलं. खाच बघितली. धारेचा उतार बघितला. मग नक्षीदाराला शेजारी ठेवून दोघांना ताडून बघितलं. त्याची पाठ हळूहळू ताठ झाली. नोकरीत असताना खोटं वजन सापडलं की तो असाच ताठ होत असावा.

"अगं, ऐकलंस का?" तो ओरडला. "पातं उलटं बसवलंय! दुसऱ्याच कुठल्या तरी चाकूचं पातं काढून यात घुसडलंय, आणि त्या गाढवाला सुलटं बसवतासुद्धा आलं नाही!"

"कुठल्या गाढवाला?"

"ते मला काय ठाऊक? पण घड्याळजीला ठाऊक होतं. 'काहीतरी वेगळं आहे' असं म्हणाला होता ना? म्हणजे बघ! आपण सांगितलं होतं असं म्हणायला मोकळा!"

माझ्यात असलं काही बळजबरीनं घुसडलं असतं तर मला कळलं नसतं का? माझं पातं आणि माझी मूठ एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून झाली. पण सांगणार कसा? मिटलेल्या तोंडानं मी नुसता जळफळत राहिलो.

तपासनीसानं फोन लावला. त्या फोनवर काय काय बोलला ते सगळं सांगत नाही, पण "तू मला टोपी घातलीस" हे वाक्य त्यात होतं, आणि "दोस्त म्हणून गळा कापलास" हेही होतं.  मग पलीकडून घड्याळजीचा आवाज आला, "जन्मभर दुकानदारांची वजनं तपासलीस. आता माझंही तपासलंस का?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दाराशी घड्याळाची एक रिकामी डबी सापडली. आत तो शिंगाच्या मुठीचा चाकू. बरोबर काही निरोप नाही.

"बघितलंस? गुन्हा कबूल!" तपासनीस म्हणाला. "मनात पाप नसतं तर परत कशाला केला असता?"

"अहो, माणूस दुखावला की परत करतो. इतक्या वर्षांची तुमची मैत्री, रोज संध्याकाळचा चहा..."

"तू भोळी आहेस."

"आणि तुम्ही?"

 त्या संध्याकाळी चहाची वेळ झाली तेव्हा त्यानं सवयीनं दोन खुर्च्या गॅलरीत नेल्या आणि मग एक गुपचूप आत आणून ठेवली. मला त्याची कीव आली, हे कबूल करतो. पण फार नाही. कारण जेवताना तो बायकोला म्हणाला, "उद्या तो बनावट चाकू मोडतो. निदान त्याची कमान तरी कामी येईल." खणातल्या नक्षीदारानं तेव्हा समाधानाचा सुस्कारा टाकला असं मला अजून वाटतं.

त्याच जेवणात, तिथंच कडेला पडल्या पडल्या, एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. बायको नवऱ्याच्या उजवीकडे बसली होती. तिचा डावा कोपर त्याच्या उजव्या कोपराला लागला. "जरा सरक," तो म्हणाला. ती सरकली. घास घेताना पुन्हा लागला. "जरा सरक ना." दोघंही हे इतक्या सवयीनं करत होते की आपण काय करतोय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं मात्र गेलं, आणि माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टेबलावर फडकं अंथरलं. मला पकडीत आवळलं. माझ्या पात्याचा खिळा दोन्ही टोकांना ठोकून चपटा केलेला आहे, त्याचं डोकं कानसून काढलं की खिळा बाहेर येतो आणि चाकूचे तुकडे होतात. त्यानं कानस घेतली आणि एकदा ओढली. कचकन खिळ्याच्या पितळी डोक्यावर ओरखडा उठला. हा बघा, अजून आहे.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "मेली ही कात्री!"

तिच्या खिडकीत गुलाबाची एक कुंडी होती. आधाराच्या काठीला बांधलेली सुतळी देठात रुतली होती आणि ती कापायची होती. पण कात्री नुसती सुतळी चावत होती. ती तणतणत टेबलाशी आली. "अहो, द्या हो काहीतरी कापायला."

"इथं काही नाही. हा खोटा आहे, आणि..."

"खोटा असू दे. कापतो ना? नाहीतरी मोडणारच आहात, मग माझ्या घामाचं भय कशाला?"

 तिनं पकड सैल केली आणि मला उचललं. मूठ उजव्या हातात घेतली आणि डाव्या अंगठ्याचं नख सरळ माझ्या खाचेत गेलं. शोधावं लागलं नाही की घसरलं नाही. मी उघडलो. आणि मग तिनं मला डाव्या हातात घेतलं.

काय सांगू तुम्हाला! किती वर्षांनी माझी मूठ एखाद्या पंजात अशी बसली! सुतळी तर एका फटक्यात गेली. मग तिनं सहज एक वाळकी फांदी तिरकी छाटली. काप आरशासारखा गुळगुळीत आला. तिनं दुसरी छाटली. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"अहो, इकडे या."

"काय झालं? मोडला?"

"या तर खरं. आता हा तुमच्या उजव्या हातात धरा आणि छाटा."

त्यानं छाटली. पातं लाकडात रुतलं आणि फांदी चिरफळली.

"आता डाव्या हातात."

त्यानं डाव्या हातानं कशीबशी, वेडीवाकडी छाटली. तरीही काप स्वच्छ आला. तपासनीस त्या कापाकडे बघत राहिला.

"पातं उलटं नाही बसवलेलं," ती म्हणाली. "हा चाकूच डावखुऱ्या माणसासाठी केलाय. माझ्यासारख्या."

"तू डा..." तो म्हणायला गेला आणि गप्प झाला.

"म्हणा की. लहानपणी हातावर छड्या मारून लिहायला उजव्या हातानं शिकवलं. बाकी सगळं डाव्यानंच करते. इतकी वर्षं शेजारी बसून जेवताय आणि रोज 'सरक' म्हणताय. जगातल्या सगळ्या तराजूंची खोट दिसते तुम्हाला, बायकोचा हात कुठला ते दिसलं नाही?"

तपासनीसानं टेबलावरची कानस उचलून लांब ठेवली. बाईच्या आवाजात राग होता, पण डोळ्यांत पाणीही होतं. मला वाटतं, तिच्यासाठी मुद्दाम केल्यासारखी वस्तू तिच्या हातात प्रथमच आली होती.

"मी त्याला काय काय बोललो गं," तो शेवटी म्हणाला.

"ते मला कशाला सांगता? त्याला सांगा."

घड्याळजीनं फोन उचलला नाही. म्हणून दोघं चालत त्याच्या घरी गेले. मी बाईच्या पिशवीत होतो, शिंगाचा चाकू तपासनीसाच्या खिशात. दार उघडलं, पण साखळी लावलेलीच होती. फटीतून एक डोळा दिसला.

"आता काय राहिलंय? घराची झडती घ्यायची?"

"भाऊजी, दार उघडा," बाई म्हणाली. "माणूस पस्तावलाय."

"चाकू खोटा नाही," तपासनीस म्हणाला. त्याला पुढचे शब्द जड जात होते. "मीच चुकलो."

"हे बोलायला कुणी पढवलं तुला?" साखळी काही निघाली नाही.

मग बाईनं मला त्या फटीतून आत दिलं. मूठ पुढे करून, पद्धतशीर. "भाऊजी, आधी डाव्या हातानं उघडून बघा."

घड्याळजीनं नाइलाजानं डावं नख लावलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा मी उघडलो. त्यानं मला मिटलं आणि पुन्हा उघडलं. मिटताना माझा "टक्" वाजला. 

"डावखुऱ्याचा आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," बाई म्हणाली.

"मला वाटलं, माझे हात गेले." त्यानं बोटं उघडली-मिटली. "घड्याळाचा एवढासा स्क्रू धरणारे हात, आणि एक साधा चाकू उघडता येईना. रात्रंदिवस तेच डोक्यात. चाकू वेगळा आहे की माझीच बोटं, काही कळेना. म्हणून तर तुला दिला रे. म्हटलं, तू तपासणारा माणूस. तू सांगशील."

तपासनीसानं खिशात हात घातला.  त्यानं शिंगाचा चाकू काढून फटीतून आत धरला, पण घड्याळजीनं तो घेतला नाही. साखळी खळखळली आणि दार उघडलं.

"ये आत. चहा टाकतो. आणि पुन्हा फोनवर ओरडलास तर याच चाकूनं कान कापीन. डाव्या हातानं."

आता मी बाईकडे असतो. हिरव्या बनातीच्या खणात नाही, खिडकीत, गुलाबाच्या कुंडीशेजारी. तिच्या ओल्या बोटांचे डाग माझ्यावर पडलेत. तपासनीस ते बघतो, तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो. तिनं डोळे भरायला शिकायचं ठरवलंय आणि माझ्या पितळी पट्टीनं साल उचलायचा सराव चाललाय. तिचे पहिले दोन्ही डोळे वाळले. हिचं जमेल की नाही, की उद्या हीसुद्धा माझ्या पट्टीनं डब्यांची झाकणं उचकटेल, याची मला अजून खात्री नाही. स्वभाव असा एका दिवसात थोडाच जातो? जेवायला मात्र ती आता नवऱ्याच्या डावीकडे बसते, आणि घरात "सरक" हा शब्द ऐकू येत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या बाजारात, कुणाच्या खणात, एखाद्या चादरीवर असा कुणी माझा भाऊबंद सापडला आणि तो तुम्हाला विचित्र वाटला, तर लगेच त्याला खोटा म्हणू नका. ज्यानं तो दिला त्यालाही म्हणू नका. भिंग राहू द्या, कानस तर राहूच द्या. आधी एकदा दुसऱ्या हातात धरून बघा.

बरं, आता खरोखरच मागे सरका. बाई कोवळी फांदी घेऊन आल्यात. मला उघडायला हवं.